काटा हिरव्यात होता

मीटर रूममधून धूर येतोय असं ओरडत वॉचमनमामा जिना चढून आले, तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते. जूनमधला पहिला मोठा पाऊस संध्याकाळीच पडून गेला होता. मी खाली पोचेपर्यंत त्यांनी पार्किंगमधला आग विझवायचा लाल बाटला उचलून आणला होता आणि पिन काढून दांडाही दाबला होता. पावडरचा एक लहानसा ढग आला आणि मग नुसतीच हवा फुसफुसत राहिली. धावत जाऊन पहिल्या मजल्यावरचा दुसरा बाटला आणला, तर त्यातून तेवढाही आवाज नाही. मीटर रूमसाठी वेगळा सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, सिलिंडर होता, पण तो चोरीला जाईल म्हणून सोसायटीच्या ऑफिसात कुलपात ठेवलेला. किल्ली ज्यांच्याकडे, ते गावी गेलेले.

दुसऱ्या मजल्यावर एक वायरमन राहतात. मेन स्विच दाराजवळच होता, तो त्यांनी कोरड्या काठीने खाली ओढला. वीज गेल्यावर आम्ही वाळूच्या दोन बादल्या जळत्या केबलवर ओतल्या आणि आग बसली. १०१ ला फोन केलेला होताच. अग्निशमन दलाची गाडी आली, जवानांनी पॅनल उघडून आत कुठे धग उरली आहे का ते बघितलं, धूर बाहेर काढला. कोणाला काही झालं नाही. तेरा मीटर मात्र गेले.

निघताना त्यांच्यातल्या एका अधिकाऱ्यांनी तो पहिला बाटला उचलून बॅटरीच्या उजेडात धरला. स्टिकरवर रिफिलिंगची तारीख होती एप्रिलची, म्हणजे दोनच महिन्यांपूर्वीची. आतला दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा आता खाली आला होता. मी म्हटलं, "साहेब, परवाच मी बघितलं होतं, काटा हिरव्यात होता." ते म्हणाले, "ताई, काटा फक्त गॅसचं सांगतो. आत पावडर कशी आहे ते त्याला कळत नाही."

त्या एप्रिलच्या बिलावर सेक्रेटरी म्हणून माझी सही होती. बावीस बाटल्यांचं रिफिलिंग एका सकाळी, आमच्याच पार्किंगमध्ये, दोन तासांत उरकलं होतं आणि ते लवकर झालं याचं मला तेव्हा बरंच वाटलं होतं. हे सगळं मी लिहिते आहे ते त्या सहीमुळे.

आमची डोंबिवलीतली सोसायटी तळमजला अधिक सात मजल्यांची, दोन विंगची. दोन्ही विंगमध्ये प्रत्येक मजल्यावर एक असे चौदा, पार्किंगमध्ये तीन आणि पंप रूममध्ये एक, असे सहा किलोचे अठरा एबीसी पावडरचे बाटले. मीटर रूमला दोन आणि लिफ्टच्या मशीन रूमला दोन, असे साडेचार किलोचे चार सीओटू. ही मोजणीसुद्धा मी त्या रात्रीनंतर पहिल्यांदा स्वतः फिरून केली. त्याआधी हा आकडा मला फक्त बिलावरून माहीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा काय केलं, तर स्टिकर सोलले. नखाने एक निघालं, त्याखाली दुसरं, त्याखाली तिसरं. पाच वर्षांची पाच स्टिकरं एकावर एक चिकटवलेली होती. सगळ्यात खालच्या कागदाखाली रंग जसाच्या तसा, चकचकीत लाल. व्हॉल्व्हच्या नटवर मात्र पान्याची एकही खूण नव्हती. पाच वर्षांत पाच वेळा उघडलेल्या नटाच्या कडा अशा कोऱ्या राहत नाहीत, हे मला नंतर कारखान्यात कळलं. आता मी कुठल्याही इमारतीत गेले की आधी नट बघते.

आठवड्याभरात विशेष सभा घेऊन जुन्या कंत्राटदाराला बंद केलं आणि नव्या एजन्सीच्या शोधाला लागलो. महाराष्ट्रात याचा कायदा आहे, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. त्यात इमारतीतली आग विझवायची साधनं चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची, म्हणजे आमच्या बाबतीत सोसायटीची आहे. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून साधनं तपासून घेऊन तिचं प्रमाणपत्र अग्निशमन खात्याला द्यावं लागतं. यालाच सगळे फॉर्म 'बी' म्हणतात. एजन्सीला परवाना राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाकडून मिळतो आणि परवान्याला मुदत असते. म्हणून लेटरहेडवर छापलेला नंबर बघून थांबायचं नाही, मुदत कधी संपते ते विचारायचं आणि परवान्याची प्रत मागून घ्यायची. मी तिघांना विचारलं. एकाने फोनवरच सांगितलं, "मॅडम, जागेवर येऊन करून देतो, अर्ध्या दिवसात काम फिनिश." त्याचा भाव सगळ्यात कमी होता. कमिटीतल्या दोघांचं मत त्याच्याकडे झुकत होतं. मी ठाम नाही म्हटलं.

ज्यांना काम दिलं त्यांच्याकडचे काका पस्तीस वर्षं हेच काम करत होते. ते पाहणीला आले ते हातात रबरी हातोडी घेऊन. प्रत्येक बाटला उचलायचे, कानाशी धरून हळूच उलटा करायचे आणि थांबायचे. "पावडर मोकळी असली ना ताई, तर ती आत सरकलेली हाताला कळते. पिठाचा डबा उलटा केल्यासारखी." मलाही त्यांनी करायला लावलं. चौथ्या मजल्यावरच्या बाटल्यात वजन सरळ खाली घरंगळत आल्यासारखं जाणवलं. तो चांगला होता. सहाव्या मजल्यावरचा उलटा केला तर काहीच हललं नाही, सगळं वजन वरच्या बाजूला तसंच अडकून राहिलेलं. अठरापैकी सात असे निघाले. आमची हवा दमट, त्यात पार्किंगमधले बाटले जमिनीवरच ठेवलेले. गाड्या धुतल्याचं पाणी वर्षानुवर्षं त्यांच्या बुडाशी साचत आलेलं.

पहिल्या मजल्यावरचा तो बाटला, ज्यातून आवाजही आला नव्हता, त्याचं कारण तिथेच सापडलं. काकांनी नळीच्या तोंडात तार घातली, ती अडली. टोकरून काढल्यावर वाळलेल्या मातीचे तुकडे तळहातावर पडले. कुंभारीण माशीने नळीत घर केलं होतं. पावडर चांगली, दाब बरोबर, पिन-सील जागेवर, आणि तोंड बंद. अशी माती त्यांना दर पावसाळ्यात सापडते म्हणे, विशेषतः उघड्या जिन्यांमध्ये. तेव्हापासून महिन्याच्या फेरीत मी नळीच्या तोंडाशी मोबाईलची बॅटरी धरते.

जे बाटले चालू होते आणि तसेही रिकामे करायचेच होते, ते काकांनी फुकट घालवले नाहीत. रविवारी सकाळी मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याच्या ट्रेमध्ये थोडं पाणी आणि वर डिझेल टाकून आग लावली आणि रहिवाशांकडूनच ती विझवून घेतली. पन्नासेक जण जमले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू अडुसष्ट वर्षांच्या, त्या पुढे झाल्या. सहा किलो म्हणजे आतली पावडर. भरलेला अख्खा बाटला साडेनऊ-दहा किलोचा होतो, तो त्यांना उचलवेना. काका म्हणाले, "उचलू नका, जमिनीवर ठेवा, एका हाताने नळी धरा." पिन ओढली, वारा पाठीशी घेऊन आगीपासून सात-आठ फुटांवर उभ्या राहिल्या, आणि पहिल्यांदा सगळे करतात तसंच त्यांनीही ज्वाळेवर मारलं. ज्वाळा हलली, विझली नाही. "बुडाशी मारा काकू, केर काढल्यासारखं, डावीकडून उजवीकडे." दोन हेलकाव्यांत आग गेली. काकू कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "एवढंच होतं होय? आणि मी तीस वर्षं या लाल डब्याला हात लावायला घाबरत होते."

एक बाटला पंधरा-वीस सेकंद चालतो. हे ऐकलेलं वेगळं आणि हातात धरून अनुभवलेलं वेगळं. पाचव्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलाने लांबूनच दांडा दाबून धरला, आणि आगीपर्यंत पोचेतो त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं. त्यानंतर विझलेल्या ट्रेकडे पाठ करून तो परत यायला निघाला, तेव्हा काकांनी त्याला हाक मारून थांबवलं. डिझेल पुन्हा पेटू शकतं, म्हणून आगीकडे तोंड ठेवूनच मागे यायचं.

बाटल्यावरच्या ए, बी, सी या अक्षरांबद्दलही त्या दिवशी बरीच चर्चा झाली. बहुतेकांना 'सी' म्हणजे करंट असं वाटत होतं, मलाही. आपल्या मानकाप्रमाणे ए म्हणजे लाकूड-कागद-कापडासारखे घन पदार्थ, बी म्हणजे पेट्रोल-डिझेलसारखे द्रव, आणि सी म्हणजे गॅस. विजेच्या आगीला आधी वीज बंद करायची. तिथे सीओटू बरा, कारण तो मागे काही ठेवत नाही. पावडरनेही आग विझते, पण ती मीटरच्या आणि पॅनलच्या सांध्यासांध्यात शिरून बसते.

मग बाटले अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्यांच्या कारखान्यात गेले. सगळे एकदम न्यायचे नाहीत, असं आम्ही आधीच ठरवून घेतलं होतं. अकरा-अकराच्या दोन खेपा केल्या, आणि जितके गेले तितके बदली बाटले एजन्सीने आमच्याकडे ठेवले. दोन्ही खेपांना मी सुट्टी काढून सोबत गेले. कमिटीला ते जरा अति वाटलं. माझ्या मते सोसायटीतल्या कोणीतरी हे एकदा तरी डोळ्यांनी बघायलाच हवं.

आधी बाटला उलटा धरून दांडा दाबतात. आतली नळी बुडापर्यंत गेलेली असते, त्यामुळे उलटं धरलं की नुसता गॅस निघून जातो आणि पावडर आतच राहते. दाब गेल्याची खात्री झाल्यावर व्हॉल्व्हचा नट सैल करायचा, तोही अर्धा आटा फिरवून थांबत थांबत. सहाव्या मजल्यावरचा बाटला उघडून परातीवर पालथा केला, तर काहीच पडलं नाही. रबरी हातोडीने बुडावर चार-पाच ठोके घातले तेव्हा फिकट पिवळट रंगाचा गोळा ढेपेसारखा घरंगळून आला. बाटल्याच्या बुडाचा गोलवा त्याच्यावर जसाच्या तसा उमटला होता, आणि मधोमध बोटाएवढं एक भोक. गॅसला वाट सापडली होती ती तेवढीच. त्या रात्री मामांच्या हातातला बाटला नुसता फुसफुसत का राहिला, ते मला त्या भोकाकडे बघून कळलं. गॅस होता, दाब होता, काटा हिरव्यातच होता. त्या गॅसने ढकलायची ती पावडर दगड होऊन बसली होती. मी तो गोळा पिशवीत घालून घरी आणला.

रिकाम्या बाटल्यात बारीक बल्ब सोडून आतला गंज बघतात. मग हायड्रो टेस्ट. बाटला काठोकाठ पाण्याने भरायचा, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि पंपाने नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दाब द्यायचा. हवेऐवजी पाणी का, तर हवा दाबली जाते आणि पत्रा फाटला की बॉम्बसारखी उसळते. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पत्रा फाटला तरी नुसतंच गळतं. आयएस २१९० या मानकाप्रमाणे पावडरच्या बाटल्यांची ही परीक्षा दर ३ वर्षांनी व्हायला हवी. सीओटूची दर ५ वर्षांनी. आमच्या अठरापैकी एकाचीही झाली नव्हती.

पार्किंगमधला एक बाटला दाब चढत असताना बुडाच्या जोडावर ओलसर दिसायला लागला. मी गॉगल लावून जाळीच्या अलीकडे उभी होते. घाम फुटावा तसे बारीक थेंब आले, एक मोठा झाला आणि ओघळला. काकांनी पंप सोडला. हाच बाटला वर्षानुवर्षं लहान मुलांच्या सायकलींशेजारी उभा होता. दुसऱ्या एकावर बनवल्याचं वर्ष ठोकलेलं होतं, २०११. पावडरच्या बाटल्याचं आयुष्य दहा वर्षांचं, त्यामुळे त्याची परीक्षा न घेताच तो बाजूला काढला. दोन्हींना माझ्यासमोर ड्रिलने भोकं पाडली. भोक न पाडता भंगारात दिला तर कोणीतरी रंग लावून पुन्हा विकतो, असं काकांनी सांगितलं. हा धंदा इतका वाईट असू शकतो, हे मला त्याआधी खरं वाटलं नसतं.

पास झालेले बाटले लगेच भरत नाहीत. गरम हवेने आतून पूर्ण वाळवतात, कारण एक थेंब राहिला तरी तो नव्या पावडरचा गोळा करतो. भरायच्या खोलीचं दार बंद ठेवतात, बाहेर पाऊस चालू होता. एबीसीमध्ये अमोनियम फॉस्फेट असतं, साध्या बीसी पावडरमध्ये सोडियम बायकार्बोनेट. एक आम्लाकडचं, दुसरं अल्कलीकडचं. दोन्ही एकत्र झाली तर आतल्या आत गॅस आणि पाणी सुटतं आणि पावडर बसते. म्हणून दोघांची नरसाळीही वेगळी ठेवलेली होती. वजनकाट्यावर बरोबर ६ किलो, व्हॉल्व्हला नवी ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारं रबरी कडं, मग कोरडा नायट्रोजन, दाब १५ बार. कॉम्प्रेसरची हवा भरली तरी काटा हिरव्यातच जातो, पण त्या हवेबरोबर ओलावाही आत जातो. आमच्या पार्किंगमध्ये जो छोटा कॉम्प्रेसर आणला होता, तो तेव्हा मला आठवला. शेवटी व्हॉल्व्हभोवती साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितले आणि बाटले रात्रभर तसेच ठेवले. सकाळी काटा पुन्हा वाचल्यावरच सील लावलं.

सीओटूला गेजच नसतो. तो जोखायचा तो वजनानेच. नळी आणि तिच्या तोंडाचा काळा भोंगा, म्हणजे हॉर्न, काढून वजनकाट्यावर ठेवला. अंगावर ठोकलेलं रिकामं वजन होतं ११.२ किलो, त्यात ४.५ मिळवले की १५.७ यायला हवं. आलं १४.३. म्हणजे १.४ किलो गॅस कधीतरी हळूहळू निघून गेला होता. दहा टक्क्यांच्या वर, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या वर घट आली की भरून घ्यायचा असतो. चारपैकी दोन असे निघाले. हे सिलिंडर जाड पोलादाचे, उच्च दाबाचे असतात. गॅस सिलिंडर नियमांखाली ते नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे त्यांची परीक्षा आणि भरणं वेगळ्या, मान्यता असलेल्या ठिकाणी झालं. वापरताना हॉर्नला उघडा हात लावायचा नाही, कातडी गारठून चिकटते. आमचे दोन्ही वॉचमनमामा हे आता नव्या माणसाला सगळ्यात आधी सांगतात.

खर्च आधीच्या बिलाच्या जवळपास तिप्पट आला. सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत अपेक्षेप्रमाणे प्रश्न निघाला. एक सभासद म्हणाले, "आग काय रोज लागते का?" मी तो गोळा स्टीलच्या ताटात घालून नेला होता. तो टेबलावर ठेवला आणि म्हटलं, ही आपली सहाव्या मजल्याची पावडर, एप्रिलमध्ये भरली म्हणून आपण हिचे पैसे दिलेत. ताट पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेपर्यंत फिरलं. लोकांनी हात लावून बघितलं, नखाने खरवडून बघितलं. ठराव एकमताने झाला, आणि जमिनीवर एकही बाटला ठेवायचा नाही म्हणून ब्रॅकेटचे पैसेही मंजूर झाले. मीटर रूमच्या सीओटूला आता समोर काचेची पेटी आहे. ऑफिसच्या कुलपातून तो कायमचा बाहेर आला.

फॉर्म 'बी' जुलैतच दिला होता. सोबत प्रत्येक बाटल्याची यादी जोडली, त्यात नंबर, बनवल्याचं वर्ष, हायड्रो टेस्टची तारीख, आधीचं आणि नंतरचं वजन. फॉर्मला एवढी यादी लागते असं नाही, पण पुढच्या सेक्रेटरीच्या हातात ती असावी म्हणून मी तीच यादी सोसायटीच्या फाईलमध्येही लावली आहे.

त्यानंतरच्या १४ एप्रिलला आम्ही पुन्हा ट्रे पेटवला. ही तारीख काकांनी सुचवली. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. देशभर त्या दिवसापासून आठवडाभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आधी दोन मिनिटं उभे राहिलो, मग सहा बाटले रिकामे केले. सहाही चालले. काकूंनी या वेळी पहिल्याच हेलकाव्यात बुडाशी मारलं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी फेरी मारते. चौथ्या मजल्यावरची सहावीतली मुलगी वही घेऊन सोबत येते. मी बाटला उलटा करून हात लावते, नळीत बघते. ती काटा वाचते, पिन आणि सील बघून खूण करते. गेल्या रविवारी पाचव्या मजल्यावर बाटल्यापुढे चपलांचा स्टँड होता. तिनेच बेल वाजवली आणि म्हणाली, "काकू, हे इथून हलवा ना, हात पोचत नाही." त्यांनी लगेच हलवला. लिफ्टच्या मशीन रूममधल्या एका सीओटूचं वजन या वेळी दोनशे ग्रॅमने कमी भरलं. मर्यादेच्या आत आहे, पण तीन महिन्यांत एवढं जायला नको. मी काकांना फोन करून ठेवला आहे, ते गुरुवारी येऊन व्हॉल्व्ह बघणार आहेत.